गवताचा माळ आणि जमीन कमी पैशांत कशी सुधारायची? नाशिककडच्या छोट्या गोपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिन्नर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. दीड एकरात बाजरी, कांदा आणि थोडा हिरवा चारा होतो. उरलेला दोन एकर मुरमाड माळ. गोठ्यात चार गाई आणि दोन कालवडी. लग्न होऊन आले तेव्हा त्या माळावर दिवाळीनंतर गवताची काडी दिसायची नाही, आणि उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढ्या विकत घेताना दुधाचे पैसे तिथेच संपायचे. आज माळ बरा आहे. बचत गटाच्या बैठकीत, डेअरीवर, लग्नकार्यात बायाबापड्या आणि तरुण पोरं जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पैसे नसताना काय करता येतं, यावरच सगळा भर आहे.

एकरभर माळावर किती गाई चरतील?

हा हिशेब आधी करा, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं. 350 किलो वजनाच्या गाईला दिवसाला वाळल्या वजनाने 9 ते 10 किलो वैरण लागते, म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन टन. उजाड झालेला माळ हेक्टरी एखादा टन वाळलं गवत देतो, एकरी 400 किलो. एका गाईचे जेमतेम चाळीस दिवस. सुधारलेला माळ हेक्टरी 4 ते 5 टनांपर्यंत जातो. तेव्हाही एकरभर माळ एका गाईला सहा महिन्यांच्या पुढे पुरत नाही, आणि त्यातलं निम्मं गवत जमिनीवर सोडायचं असतं.

म्हणून माळावर वर्षभर गाई पोसण्याचं स्वप्न बाळगू नका. माळाने पावसाळ्याचे चार महिने भागवावेत, थोडं वाळलं गवत साठवायला द्यावं. बाकीची वैरण बांधावरून, शेतातून आणि कडब्यातून उभी करायची. आणि गोठ्यात दोन भाकड जनावरं नुसती उभी असतील, तर त्यांचा निर्णय माळाच्या सुधारणेआधी घ्या.

हातात पाच हजार रुपये आहेत. सगळ्यात आधी कशावर घालू?

कशावरही नको. आधी शेणखताची ट्रॉली विकणं थांबवा.

आपल्या भागात हे बोलणं अवघड आहे, कारण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना शेणखताची कायम गरज असते आणि एप्रिल-मेमध्ये, छाटणीच्या सुमाराला, रोख पैसे घेऊन माणूस दारात उभा राहतो. आमच्याकडेही दरवर्षी ट्रॉल्या जायच्या. एका वर्षी नानांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, मी यावर बोलले.

"नाना, हे खत आपल्या माळावर का नाही टाकत आपण?"

"माळाला कोण खत टाकतं बाई? गवत आपसूक येतंय."

"येत होतं. आता कुठे येतंय?"

नाना त्या वेळी काही बोलले नाहीत. ट्रॉली गेली. पण पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच अर्धं खत ठेवून घेतलं.

हिशेब असा आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनात साधारण 5 किलो नत्र, 2 किलो स्फुरद आणि 5 किलो पालाश असतं. तीन टनांची ट्रॉली म्हणजे 15 किलो नत्र. एवढंच असतं तर युरियाच्या एका गोणीने काम भागलं असतं. पण ट्रॉलीबरोबर जमीन भुसभुशीत ठेवणारा, पाणी धरणारा सेंद्रिय भाग जातो आणि तो कुठल्याही दुकानात गोणीत मिळत नाही. गाय माळावर खाते, शेण गोठ्यात टाकते, ते बागेत जातं. माळाकडे परत काहीच येत नाही. दहा-वीस वर्षं असं चाललं की माळ झिजणारच.

सगळं खत ठेवता येत नसेल तर तिसरा हिस्सा ठेवा. आणि विकाल तेव्हा ओलं, न कुजलेलं शेण स्वस्तात देऊ नका. कुजवून दिलंत तर भाव चांगला येतो.

उकिरडा तर सगळ्यांचाच असतो. त्यात वेगळं काय करायचं?

उघड्या उकिरड्यात उन्हाने नत्र उडून जातं आणि पावसाने पालाश वाहून जातं. रस्त्याकडेला उकिरड्यातून तपकिरी पाणी वाहताना दिसतं ना, ते आपलं खतच आहे.

आम्ही केलं ते असं. गोठ्यामागे लिंबाच्या सावलीत 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट खोल खड्डा खोदला. तळाला तुरीच्या काड्या आणि मक्याची धाटं. त्यावर रोजचं शेण आणि गव्हाणीतली उरलेली वैरण. वीतभर थर झाला की माळावरचीच दोन-चार घमेली माती. आठवड्यातून एकदा पाणी. ओलावा हातानेच बघायचा: मूठभर खत घट्ट दाबलं तर बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण थेंब गळू नये. भरलेला खड्डा शेणमातीने लिंपून टाकायचा. चार-पाच महिन्यांत खत हातात घेतलं की चहाच्या चोथ्यासारखं सुटं होतं, शेणाचा वास जातो आणि पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. तो वास आला की समजायचं, झालं.

पण खरी हानी शेणात नसून मूत्रात होते. गाय जे नत्र बाहेर टाकते त्यातला निम्मा तरी भाग मूत्रात असतो, आणि ते आपल्या गोठ्यात जमिनीत मुरतं किंवा गटारीला लागतं. फरशीला पैसे नसतील तर गाईंच्या मागच्या बाजूला उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा किंवा नुसती कोरडी माती पसरा. ती ओली झाली की रोज सकाळी उचलून खड्ड्यात टाका. एवढी एक सवय लावलीत तर खताची ताकद वाढलेली तुम्हाला पहिल्याच वर्षी गवताच्या रंगात दिसेल.

खड्ड्याऐवजी विटांचा नाडेप हौद हवा असेल, तर त्याचं मापही हेच, 10 बाय 6 बाय 3 फूट, आणि भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली असतात. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवली. त्यांच्या नावावरूनच तिला नाडेप म्हणतात. रोजगार हमीतून नाडेप आणि गोठा बांधून मिळू शकतो, शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत ही दोन्ही कामं बसतात. ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

माती परीक्षण करायलाच हवं का?

हो. मोठ्या खर्चाआधी एकदा तरी करा. माळात नागमोडी चालत 8-10 ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी माती एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची आणि गाई बसतात तिथली माती घेऊ नका. मुरमाड उतार आणि खालचा काळा पट्टा यांचे नमुने वेगळे ठेवा.

अहवालात तीन गोष्टी बघा: सामू (पीएच, म्हणजे जमीन आंबट आहे की नाही ते सांगणारा आकडा), सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद. सेंद्रिय कर्ब 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन भुकेली आहे. आपल्याकडचे बहुतेक माळ तिथेच सापडतात.

परदेशातल्या व्हिडिओत कुरणाला चुना टाकतात. आपण टाकू का?

सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव, निफाड या बाजूला नको. परदेशातल्या त्या जमिनी आम्लधर्मी असतात म्हणून चुना लागतो. आपल्या या पूर्व भागातल्या जमिनींचा सामू बहुतेक साडेसातच्या वर असतो. कित्येक ठिकाणी फूटभर खाली पांढऱ्या चुनखडीचे खडे लागतात. तिथे चुना टाकणं म्हणजे पैसे देऊन दुखणं घेणं. कालव्याखालच्या जमिनी चोपण (घट्ट, पाणी न मुरणाऱ्या) झाल्या असतील तर तिथे औषध जिप्सम आहे, तेही परीक्षणात सांगितलं तरच, आणि आधी पाण्याचा निचरा करून.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इकडे वेगळं आहे. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिन्नर-येवल्याला 500-600. एवढ्या पावसाने तांबड्या जमिनीतलं कॅल्शियम धुऊन जातं, जमीन आंबट होते. तिथे सामू 6 च्या खाली आला असेल तर शेतीचा चुना उपयोगी पडतो. एकाच जिल्ह्यात दोन उलट उत्तरं आहेत, म्हणून शेजारच्या तालुक्याचा सल्ला डोळे झाकून घेऊ नका.

कुंपणाला पैसे नाहीत. मग माळाला विश्रांती कशी द्यायची?

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण आमचा माळ सुधारला तो यानेच. बियाणं, खत हे सगळं नंतरचं.

गवताचं पान म्हणजे त्याची चूल. पान खाल्लं की गवत मुळातला साठा वापरून नवं पान काढतं. ते पान वाढून साठा भरायच्या आत गाईने परत तोंड घातलं, की मुळं आखूड होत जातात. असं महिनाभर चाललं की चांगलं, गोड गवत मरतं आणि गाय ज्याला तोंड लावत नाही ते उरतं: कुसळी, टाकळा, गाजर गवत. माळ खराब झाला म्हणून आपण जमिनीला दोष देतो, पण बऱ्याचदा गाई रोज सगळीकडे फिरतात एवढंच कारण असतं.

नियम सोपा आहे. गवत वीतभर झालं की गाय सोडा, चार बोटं उरलं की काढा. पहिल्या पावसानंतर लगेच गाई सोडू नका. मृग बरसला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसतो आणि गाई ओढ घेतात. त्या वेळी मन घट्ट करून जुलैपर्यंत त्यांना गोठ्यात कडब्यावर ठेवा. तो महिना वाचवलात तर पुढचे चार महिने माळ तुम्हाला परतफेड करतो.

कुंपण नसेल तर खुंटी आणि दावं पुरतं. 15 फुटी दाव्याला बांधलेली गाय साधारण 700 चौरस फुटांत चरते. गोलांमधली मोकळी जागा सोडून एकरात अशा 48 जागा बसतात. म्हणजे एका गाईला रोज नवी जागा दिली तर त्याच जागी ती दीड महिन्याने परत येते. पावसाळ्यात गवताला पुन्हा उभं राहायला 25-30 दिवस लागतात, दसऱ्यानंतर ओल कमी झाली की 45 च्या वर. हिशेब बरोबर जमतो. दाव्याला फिरती कडी लावा, नाहीतर पीळ पडून गळ्याला फास बसतो. दुपारी पाणी दाखवा, उन्हात बांधून घरी येऊ नका. एका जागेवर पोट भरलं नाही तर संध्याकाळी गोठ्यात वैरण द्या. म्हणून तीच जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा नको.

चार-पाच गाई असतील तर रोज इतक्या खुंट्या ठोकणं जिकिरीचं होतं. आम्ही दोन एकरांचे सहा तुकडे पाडले. काढलेल्या द्राक्षबागेतले जुने बांबू आणि तार भंगाराच्या भावात मिळतात, त्यात भागलं. कुणी जुन्या साड्या बांधतं, गाईंना सवय झाली की त्याही चालतात. सौर झटका मशीन चांगली आहे, दोघातिघांत मिळून घेता येते. पण तारेत घरातली वीज सोडायचा विचारसुद्धा करू नका. त्यात माणसं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे.

दर वर्षी एक तुकडा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पूर्ण बंद ठेवा. त्यातलं गवत बी धरतं, पडतं, आणि पुढच्या वर्षी तो तुकडा दाट होतो. वर्ष बदललं की तुकडा बदला. बियाण्याचा खर्च शून्य.

माळात नवीन कुठलं गवत लावावं?

आधी आपलं काय शिल्लक आहे ते बघा. एका पावसाळ्यात थोडा भाग काट्या लावून बंद करा. पवन्या, मारवेल, अंजन यांची चार-चार ठोंबं जरी दिसली तरी नुसत्या विश्रांतीने ती पसरतात.

काहीच उरलं नसेल तर काळ्या-मध्यम जमिनीत आणि बांधावर मारवेल, हलक्या मुरमाड जागी अंजन किंवा पवन्या, आणि सगळ्यांत मिसळायला स्टायलो. मारवेलची मुळं असलेली ठोंबं दोन फूट बाय एक फुटावर जुलैत लावायची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे 'फुले गोवर्धन'सारखे वाण दिले आहेत, पण बांधावरचं गावठी मारवेलही वाईट नाही.

स्टायलोचं मला फार कौतुक आहे. ते शेंगवर्गीय असल्याने हवेतलं नत्र जमिनीत आणतं, मुरमात तग धरतं आणि गवताबरोबर वाढतं. एकरी 2 ते 3 किलो बी पुरतं. त्याचं कवच टणक असतं, म्हणून साधारण 80 अंश गरम पाण्यात, म्हणजे उकळी फुटायच्या आधी पातेलं उतरवून, 4-5 मिनिटं बी ठेवा, लगेच गार पाण्यात घाला आणि सावलीत वाळवा. मग रायझोबियम (शेंगवर्गीय पिकांचं जिवाणू खत) चोळा. रायझोबियम चोळल्यावर बी उन्हात ठेवायचं नाही.

पेरणीत एक चूक सगळे करतात, मीही केली: बी खोल पडलं. गवताचं आणि स्टायलोचं बी बारीक असतं, अर्ध्या इंचाच्या खाली गेलं तर वर येत नाही. पहिल्या वर्षी बैलांच्या पाभरीने पेरलं आणि श्रावण आला तरी माळ रिकामाच. दुसऱ्या वर्षी काट्याच्या फांदीने माळ नुसता ओरबाडला, बी ओलसर मातीत मिसळून हाताने फोकलं आणि वरून तीच फांदी परत ओढली. ते उगवलं. अंजनचं बी हलकं, केसाळ असतं, वाऱ्याने उडतं. त्यालाही हीच ओल्या मातीची युक्ती.

नव्या गवतावर पहिल्या वर्षी गाय सोडू नका. बी पडल्यावर विळ्याने कापून न्या.

कुसळी फार झालीय. काय करावं?

कुसळं धरायच्या आधी कापा. कोवळी कुसळी गाय खाते. फुलोऱ्यानंतर तिची कुसळं तोंडात आणि डोळ्यांत जातात. दोन-तीन वर्षं ऑगस्टअखेर कापत गेलात तर बी पडत नाही आणि ती मागे हटते.

उन्हाळ्यात माळ पेटवला की नवं गवत चांगलं येतं ना?

येतं असं दिसतं. जुनं वाळलेलं झाकण जातं म्हणून हिरवं लवकर नजरेला पडतं. पण आगीत जमिनीवरचा सगळा पाला जातो, त्यातलं नत्र धुरात जातं आणि पहिला वळीव उघड्या मातीवर आदळून ती वाहून नेतो. शिवाय कुसळीला आग मानवते: तिचं बी कुसळाने स्वतःला मातीत रुतवून घेतं आणि वाचतं. दरवर्षी पेटणारा डोंगर कुसळीने भरतो तो यामुळेच. मार्चमध्ये बांध पेटवतानाची एक ठिणगी अख्ख्या गावाची वैरण घेऊन जाते. माळाच्या कडेने सहा-सात फुटांचा पट्टा फेब्रुवारीतच साफ करून ठेवा.

आम्ही इगतपुरीकडचे. इकडे शेण राबाला जातं. मग माळाला काय टाकायचं?

माझी मावशी घोटीजवळ राहते, तिच्या दोन डांगी गाई आहेत, त्यामुळे हे मी जवळून पाहिलंय. भात-नागलीच्या रोपांसाठी शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या पसरून राब भाजतात. तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. जुन्या माणसांनी उगाच नाही ही पद्धत धरली. पण त्यात गोठ्याचं शेण आणि माळाचा पाला दोन्ही जळून जातात.

त्याऐवजी गादीवाफ्यावर रोप करता येतं. उंच वाफा, त्यात कुजलेलं शेणखत, आणि तण हाताने काढायचं. मावशीने आधी एकच वाफा करून बघितला. रोप बरं आलं, मग पुढच्या वर्षी अर्धा राब बंद केला. वाचलेलं शेण वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर गेलं. तुमच्याकडे खत पावसाळ्याच्या तोंडावर पसरू नका, पहिल्या झडीतच ते ओढ्यात जाईल. पाऊस ओसरला की ऑगस्टअखेर-सप्टेंबरात पसरा. आणि चिखलात गाई माळावर सोडू नका, खुरांनी गवताची मुळं उखडतात. झडीच्या दिवसांत चारा कापून आणलेला बरा. डांगीची कातडी तेलकट, पाऊस सोसणारी. गाय तग धरते, पण माळ धरत नाही.

युरिया टाकला तर चालेल का?

चालेल, मोजून. जुलैत चांगली ओल असताना, तण काढून, एकरी 20-25 किलो. कोरड्या जमिनीवर किंवा मुसळधारेच्या आधी टाकला तर पैसे गेले. टाकल्यावर दोन-तीन आठवडे तिथे जनावर सोडू नका, आणि गोणी गोठ्यात ठेवू नका. चाटून जनावरं दगावतात. जिथे स्टायलो चांगली पसरली आहे तिथे युरियाची गरज नाही, उलट गवत उंच होऊन स्टायलोला झाकून टाकतं.

माझं मत विचाराल तर माळावर पैसे घालायचेच असतील तर सिंगल सुपर फॉस्फेटची एक 50 किलोची गोणी एकराला घ्या. त्यात 16 टक्के स्फुरद आणि वर गंधक असतं. शेंगवर्गीय चाऱ्याला दोन्ही हवं. चुनखडीच्या जमिनीत नुसतं टाकलं तर स्फुरद अडकून बसतं, म्हणून पंधरा दिवस आधी शेणखतात मिसळून ठेवा.

आणि जीवामृत?

200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती, हे एकराचं माप आहे. यात सगळं मिळून पाव किलोही नत्र नसतं. त्यामुळे ते खत नव्हे, विरजण आहे. आणि विरजण लावायला दूध हवं: जमिनीवर पाला, शेण, कुजायला काहीतरी असेल तरच त्याचा उपयोग. उघड्या मुरमावर ओतून काही होत नाही. गूळ-बेसन विकत आणायला लागत असेल तर मी ते पैसे स्टायलोच्या बियाण्यावर घालीन.

पाणी माळावर थांबतच नाही, काय करू?

उताराला आडवे समतल चर काढा: 2 फूट रुंद, 1 फूट खोल. पातळी बघायला दोन सरळ काठ्या आणि एक आडवी काठी यांचा इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा करा आणि वरच्या टोकापासून दोरीला दगड टांगा. दोन्ही पाय एका पातळीत असले की दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर येते. निघालेली माती खालच्या अंगाला टाका आणि तिच्यावर त्याच पावसाळ्यात मारवेल लावा, नाहीतर ती माती परत चरात येते. आम्ही घरच्याच माणसांनी उन्हाळ्यात रोज सकाळी दोन तास खोदून हे केलं. पाण्याची धार बघायची असेल तर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन माळावर उभे राहा. चर कुठे हवा ते पाणी स्वतः दाखवतं.

गाजर गवत आणि घाणेरी कशी घालवायची?

गाजर गवत फुलायच्या आधी, ओल असताना, मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगावर खाज उठते. फुलावर आलेलं उकिरड्यात टाकू नका. मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याची पानं खातात. ते दिसले तर तिथे फवारणी करू नका. घाणेरी विषारी आहे, दुष्काळात जनावरं तिला तोंड लावतात आणि कावीळ होऊन जातात. तिची खोडं पहारीनेच काढावी लागतात. जमीन गवताने झाकली की ही दोन्ही तणं आपोआप मागे सरतात.

कांद्याचा भाव पडला की माळावर ओततात. गाईंनी खाल्ला तर?

थोडा खाल्ला तर काही होत नाही. पोटभर खाल्ला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते, गाय अशक्त होऊन दगावू शकते. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका गाभण गाईचं असं झालं होतं. सडका कांदा खड्ड्यात शेण-मातीबरोबर थर देऊन कुजवा, चांगलं खत होतं. टोमॅटोचे वेल आणि द्राक्षाची छाटणी जनावरांना घालू नका. त्यावर शेवटपर्यंत फवारण्या झालेल्या असतात.

नेपियर लावलं तर माळाचा प्रश्न सुटतो का?

विहिरीला पाणी असेल तर पाच-दहा गुंठे जरूर लावा. 3 बाय 2 फुटांवर एकरी साडेसात हजारांच्या आसपास कांड्या बसतात. पहिली कापणी दोन महिन्यांनी, मग दर 40-45 दिवसांनी. त्याने माळावरचा भार हलका होतो, हाच त्याचा मोठा फायदा. पण नेपियर खादाड आहे, शेणखत भरपूर मागतं. आणि नुसतं नेपियर घालू नका. त्यातल्या ऑक्झलेटने कॅल्शियम कमी पडतं. लसूणघास, शेवरी किंवा स्टायलो जोडीला द्या.

झाडांचा पाला किती द्यावा?

हादगा, शेवरी, शेवगा आणि गिरिपुष्प बांधावर लावा. गिरिपुष्पाच्या चार फुटी फांद्या जूनमध्ये रोवल्या की जिवंत कुंपण होतं आणि छाटलेला पाला जमिनीला खत म्हणून पडतो. सुबाभूळ चांगली, पण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको; त्यातल्या मिमोसिनने केस गळतात.

शेणाचे पो माळावर तसेच वाळून पडतात, किडे दिसत नाहीत. असं का?

शेणकिडे पो फोडून मातीत नेतात, फुकटची नांगरट आहे ती. गोचीड आणि जंतांसाठी दिलेलं आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि या किड्यांच्या अळ्या मारतं. म्हणून दर दोन महिन्यांनी सरसकट इंजेक्शन देऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्या. दिल्यावर आठ-पंधरा दिवस गाय गोठ्यात ठेवा आणि ते शेण खड्ड्यात कुजवा.

फरक दिसायला किती दिवस लागतात?

गवताचा दाटपणा पहिल्याच पावसाळ्यात दिसतो. मातीला तीन-चार वर्षं.

घरी एक परीक्षा करता येते. तेलाच्या डब्याचा तळ आणि झाकण कापून टाका, डबा माळात दोन बोटं ठोकून बसवा आणि लिटरभर पाणी ओता. मुरायला किती वेळ लागतो ते बघा. पहिल्या वर्षी मी डबा लावून घरी आले, चहा ठेवला, गाळला, नानांना दिला, माझा पिऊन झाला. परत गेले तर निम्मं पाणी तसंच डब्यात होतं, वर मुंगी तरंगत होती. चौथ्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात, नाना स्वतः बघायला आले. पाणी ओतून मी डब्याकडे वाकले तोवर तळाची माती दिसायला लागली होती. नाना खाली बसले, बोटाने ती माती उकरली, आतून एक गांडूळ निघालं. त्यांनी ते परत झाकून ठेवलं.

परीक्षा दरवर्षी एकाच जागी आणि एकाच महिन्यात करा, पावसाच्या लगेच नंतर नको, नाहीतर तुलना चुकते.

मारवेलची ठोंबं आणि स्टायलोचं बी कुठे मिळेल?

आपल्या जिल्ह्यात नाशिकला आणि मालेगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे मे महिन्यातच विचारून ठेवा. जूनमध्ये गर्दी होते. राहुरीच्या विद्यापीठात चारा पिकांचा विभाग आहे. गावात कुणाच्या बांधावर चांगलं मारवेल दिसलं तर मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. मुळाची माती न झाडता ठोंबं काढा, ओल्या पोत्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लावून टाका.